मालगुजारी गेली, तलाव उरले

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा ते सात हजार जुने तलाव आहेत. सरकारदफ्तरी त्यांची नोंद 'मालगुजारी तलाव' अशी आहे. हे तलाव निसर्गाने आयते दिलेले नाहीत. उतार पाहून, माती वाहून, पाळ घालून माणसांनी ते बांधले. तरीही दोन-अडीचशे वर्षांत त्यांच्या पोटात एक भरगच्च जलसृष्टी वसली. मरळ, वाघूर, शिंगूर असे मासे आले, काठच्या उथळ पाण्यात देवधान हे रानभात उगवले, शिंगाड्याचे वेल पसरले, हिवाळ्यात परदेशी बदके उतरू लागली आणि सारसाने इथे घर केले. आज ही सृष्टी खिळखिळी झाली आहे. ती वाचवण्याची चर्चा निघते तेव्हा दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो, हे तज्ज्ञांचे आणि सरकारी खात्यांचे काम आहे, गावकऱ्यांना त्यातले काय कळणार. दुसरा म्हणतो, पूर्वजांना सगळे ठाऊक होते, तेच परत आणा. या तलावांचा इतिहास नीट वाचला तर दोन्ही सूर अपुरे ठरतात. ज्ञान, श्रम आणि लाभ या तिन्ही गोष्टी एकाच गावात एकमेकींना बांधलेल्या होत्या, म्हणून हे तलाव टिकले. या तिन्हींची ताटातूट झाली आणि ते बिघडले. त्यांना सावरायचे तर तुटलेले हे धागे पुन्हा जोडावे लागतील, आणि त्या कामात स्थानिक जाणकार आणि वैज्ञानिक या दोघांच्याही वाट्याला निश्चित जबाबदारी येते.

या प्रदेशात पावसाची तूट नाही. वर्षाकाठी बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस पडतो. अडचण असते ती त्याच्या वेळेची. रोवणी आटोपल्यावर भाद्रपदात पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली आणि नेमका तेव्हाच धान निसवायला आलेला असला, तर वर्षभराची मेहनत वाया जाते. त्या एक-दोन पाण्यांची बेगमी करण्यासाठी इथे तलाव आले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्यावर भिजेल तेवढी जमीन देण्याचा रिवाज घातला, असे परंपरा सांगते. अशा जमिनींशी जोडलेले 'तुकूम' हे नाव चंद्रपूर भागातल्या वस्त्यांना आजही आहे. तलाव बांधण्यात सर्वांत नावाजलेला समाज कोहळ्यांचा. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोहळ्यांची ओळख तलाव बांधणारे, ऊस आणि धान पिकवणारे शेतकरी अशीच आहे. एका गोंड राजाने त्यांना काशीहून आणले, ही त्यांची दंतकथाही तिथे नोंदवलेली आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला नवेगावबांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. पाळ घालताना भोवतालच्या सात टेकड्यांनी, म्हणजे सात बहिणींनी, त्यांना साहाय्य केले आणि पुढे कोलू पाटील स्वतःच कोलासूर देव झाले, अशी कथा आहे. कथेवरून सन आणि तारीख ठरवता येत नाही. पण एखादा समाज राजाला किंवा सेनापतीला सोडून पाळ बांधणाऱ्याला देवपण देतो, तेव्हा त्या समाजाच्या लेखी पाण्याच्या कामाची किंमत काय होती, याचा हा पुरावाच आहे.

या बांधणीत जे ज्ञान होते ते कागदावर कुठे उतरलेले नव्हते. दोन टेकड्यांमधली अरुंद जागा हेरून तिथे पाळ घालायची, म्हणजे कमी मातीत जास्त पाणी अडते. पाण्याचा जादा लोंढा पाळीवरून न जाता बाजूच्या कठीण मुरमावरून निघून जावा, अशा बेताने सांडवा ठेवायचा. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात उतरेल अशी साखळी धरायची, म्हणजे एका गावाचे ओसंडलेले पाणी पुढच्या गावाची तहान भागवते. पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडूम असायचे. त्याच्या पायऱ्यापायऱ्यांवर भोके आणि भोकांना बुचे. तलाव भरलेला असला की सर्वांत वरचे बूच काढायचे, पातळी उतरेल तसतसे खालचे. यात दोन गोष्टी साधत. पाणी वरच्या थरातून बेताने जाई, आणि किती बुचे निघाली हे साऱ्या गावाला दिसत असल्याने किती पाणी उरले याचा हिशेब कुणा एकाच्या वहीत कोंडून राहत नसे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तळाचा गाळ बैलगाड्यांनी शेतात पडे. शेतकऱ्याला फुकट खत मिळे आणि तलावाची खोली राखली जाई. ज्याला गाळ हवा त्यानेच तो उपसायचा, ज्याला पाणी हवे त्यानेच पाट साफ करायचा. या राखणीत कष्ट करणारा आणि फळ घेणारा एकच होता.

कोहळ्यांना पाणी आणि माती कळत होती, तर पाण्याखालचे जग ढिवरांना. ढिवरांची उपजीविकाच मासळी, शिंगाडा आणि तलावातल्या कंदांवर. त्यामुळे कोणता मासा कोणत्या झुडपात अंडी घालतो, कोणती वनस्पती तळाच्या चिखलात रुजते आणि कोणती काठच्या टीचभर पाण्यात, पहिल्या पुरात कोणते मासे सांडव्यावरून चढून धानाच्या बांध्यांत शिरतात आणि कधी माघारी येतात, याची बारीक जाण त्या घरांत होती. आधुनिक जीवशास्त्राच्या कसोटीवर ही जाण उतरते. मरळ पाणवनस्पतींच्या दाटीत जागा मोकळी करून घरटे करते आणि पिल्ले मोठी होईतो त्यांची राखण करते. वाघूर आणि शिंगूर हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, म्हणून उन्हाळ्यात चिखलावर आलेल्या तलावातही तग धरतात. या माशांना बाहेरून बियाणे लागत नाही. त्यांना वनस्पती लागतात, उथळ काठ लागतो आणि पावसाळ्याच्या तोंडावर थोडी सवड लागते. वनस्पतींचेही थर असतात. बुडी राहणारी हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया पाण्यात प्राणवायू सोडतात आणि लहान माशांना आडोसा देतात. तरंगत्या पानांची निम्फॉइडिस पाण्यावर सावली धरते. काठच्या चिखलात इलिओकॅरिसचे कंद धरतात आणि सारस ते उकरून खातो. उतरता तळ हा या सगळ्या रचनेचा पाया आहे. तलाव काठाकडून मध्याकडे हळूहळू खोल होत गेला तरच प्रत्येक थराला आपापली जागा मिळते.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत बनला. महसूल गोळा करणाऱ्या पाटील-मालगुजारांना इंग्रजांनी गावाची मालकी दिली. तलाव बांधले गेले होते बरेच आधी, पण या मालकीमुळे मालगुजारांचे नाव त्यांना चिकटले. मात्र मालकी देताना जमाबंदीच्या अधिकाऱ्यांनी गावच्या वहिवाटीही टिपून ठेवल्या. 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात कोणाला तलावाचे पाणी मिळते, मासेमारीचा हक्क कोणाचा, पाटाची दुरुस्ती कोणी करायची, अशा गोष्टी येत. मालक एक असला तरी हक्कदार अनेक होते, आणि त्यांची नावे दफ्तरात होती. पुढे जे घडले ते समजून घ्यायला ही नोंदवही महत्त्वाची आहे.

स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने १९५० साली मालकीहक्क निर्मूलनाचा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. ती संपायलाच हवी होती. तलाव सरकारजमा झाले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. लहान तलाव जिल्हा परिषदांकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. जुन्या निस्तार हक्काने, म्हणजे पिढ्यांच्या वहिवाटीने, पाणी फुकट मिळते, ही शेतकऱ्यांची भूमिका होती. पाणीपट्टी वसूल होत नाही तर दुरुस्तीला पैसा कुठून आणायचा, हा खात्याचा प्रश्न होता. या ओढाताणीत गाळ साचत गेला आणि तुडुमे फुटली. त्याहून मोठा बदल कागदावर झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या १६५व्या कलमात विदर्भातल्या गावांच्या सिंचनाच्या आणि मासेमारीच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवण्याची तरतूद आहे. पण ती शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीची, ताब्यातली वा व्यवस्थापनातली नाही अशाच जमिनीपुरती आणि पाण्यापुरती. याचा अर्थ असा की तलाव सरकारचा झाला त्या दिवशी तो वहिवाटीच्या नोंदीच्या कक्षेबाहेर पडला. मालगुजाराच्या तलावात ढिवराचा हक्क लिहिला जाऊ शकत होता, लोकांच्या सरकारच्या तलावात मात्र नाही. पाणी पाटबंधाऱ्याचे, मासे मत्स्यव्यवसाय खात्याचे, काठची जमीन महसुलाची, पक्षी वनखात्याचे, अशी एकाच तलावाची चार दफ्तरे झाली. प्रत्येक खाते आपल्या वाट्याचे काम प्रामाणिकपणे करूनही तलाव मरू शकतो, कारण तलाव हे त्यांतल्या कुणाच्याच कामाचे नाव नाही.

विज्ञान या तलावांत उतरले तेही याच तुकड्यांतून. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून प्रमुख कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. भारतीय मत्स्यविज्ञानातली ती फार मोठी कामगिरी होती आणि आजही तो दिवस मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. रोहू, कटला, मृगळ हे नदीचे मासे. साचलेल्या तलावात ते सहसा विणत नाहीत. चौधरींच्या शोधामुळे त्यांचे बीज हवे तेवढे तयार करता येऊ लागले आणि देशभरच्या तळ्यांत बोटुकली सोडण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९५९ मध्ये गवत्या आणि चंदेरी हे परदेशी कार्पही भारतात आले. मत्स्यतळ्यासाठी हे शास्त्र उत्तम आहे. मालगुजारी तलाव मात्र मत्स्यतळे नव्हता. गवत्या कार्प हायड्रिलासारख्या बुडी वनस्पती चवीने खातो, आणि नेमक्या त्याच वनस्पतींत मरळीची घरटी असतात. तलाव ठेक्याने घेणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थांना दरवर्षी बीज विकत घ्यावे लागू लागले. जे मासे आपणहून पैदा होत होते ते कमी झाले आणि जे दरसाल पैसे मोजून आणावे लागतात त्यांच्यावर धंदा उभा राहिला. भरीस भर म्हणून बेशरम पसरली. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही झुडूपवजा वनस्पती, आयपोमिया कार्निया, गुरे खात नाहीत, तोडली तर प्रत्येक तुकड्याला मूळ फुटते, आणि काठच्या उथळ पट्ट्यात ती दुसरे काही उगवू देत नाही. उत्पादन मोजणाऱ्या तक्त्यात यातले काहीच दिसत नाही. तिथे किलो मासळी येते. वनस्पतींचा रकानाच नसतो.

ही ताटातूट उलटी फिरवता येते का, याचे उत्तर गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव भागात गेल्या दोन दशकांत शोधले गेले. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजातल्या जाणत्यांबरोबर आधी नोंदी केल्या. तलावात कोणत्या वनस्पती होत्या, कोणत्या उरल्या, कोणता मासा कशावर जगतो, हे ढिवरांनी सांगायचे आणि त्याची शास्त्रीय नावांशी सांगड मंडळाने घालायची. मग प्रत्यक्ष काम. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर बेशरम मुळासकट उपटायची, कारण नुसती कापली तर ती दुपटीने येते. तळाचा निवडलेला पट्टा नांगरून भुसभुशीत करायचा. पावसाळ्याच्या तोंडावर, जिथे अजून वनस्पती शिल्लक आहेत अशा तलावांतून रोपे आणायची. मग त्यांच्या जुड्या चिखलात रोवायच्या, बुडी वनस्पती खोल बाजूला, कंदवाल्या काठाला. ही रोवणी मोठ्या प्रमाणावर ढिवर बायकांनी केली. धानाची रोवणी ज्या हातांनी होते, त्या हातांना हे काम शिकवावे लागले नाही. गवत्यासारखे वनस्पती फस्त करणारे मासे अशा तलावांत सोडायचे नाहीत असे ठरले, आणि विणीच्या दिवसांत मासेमारीला आवर घालायचा असेही. अशा तलावांत देशी मासे परतल्याचे आणि मासळीचे उत्पन्न सुधारल्याचे तिथल्या मच्छीमार संस्थांना दिसून आले. कोणता थर कुठे होता ही आठवण ढिवरांची. बेशरमीसारख्या आगंतुक वनस्पतीचा स्वभाव, प्रत्येक जातीची ओळख, आधीच्या आणि नंतरच्या नोंदी ठेवण्याची शिस्त ही विज्ञानाची देणगी. दोन्ही बाजूंना एकमेकींची गरज पडली, आणि त्या गरजेतूनच जबाबदारी वाटली गेली.

अशा जोडणीला या भूमीत पूर्वपीठिकाही आहे. नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून राहिलेले मारुती चितमपल्ली यांनी पक्ष्यांचे आणि जंगलाचे जे लेखन केले, त्यातला मोठा भाग स्थानिक जाणकारांकडून मिळालेल्या नावांचा आणि निरीक्षणांचा आहे. ते शास्त्रीय शिक्षण घेतलेले अधिकारी होते. पण एखादा पक्षी केव्हा येतो आणि काय खातो हे पाण्याकाठी हयात गेलेल्या माणसाला विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. म्हणूनच त्यांच्या नोंदी मराठी ज्ञानात भर घालू शकल्या. सरकारी यंत्रणेतल्या माणसाने हे करणे शक्य आहे, आणि ते केल्याने शास्त्र उणे होत नाही, एवढे तरी यावरून सिद्ध होते.

यावर पहिला आक्षेप येतो तो सामाजिक न्यायाचा, आणि तो गंभीर आहे. मालगुजारीच्या काळात बेगार होती. पाळीवर राबणाऱ्यांत अनेकांना नाही म्हणण्याची सोय नव्हती. पाण्याच्या वाटपात मोठ्या शेतकऱ्याचे पारडे जड असे, आणि ढिवराला तलावाची जाण असली तरी तलावाविषयीच्या निर्णयात मान नव्हता. मग त्या व्यवस्थेचे गोडवे कशाला गायचे? आक्षेप मान्य आहे, आणि म्हणूनच मालगुजारी परत आणावी असे इथे कुठेही म्हटलेले नाही. जुन्या व्यवस्थेत दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या होत्या. एक होती वरून खाली चालणारी सत्ता, दुसरी आडव्या अंगाने चालणारी कामाची आणि हक्कांची वाटणी. १९५१ साली आपण पहिली मोडली, ते योग्यच झाले. पण तिच्याबरोबर दुसरीही मोडली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. कायद्याने मालक बदलला, हक्कदार मात्र नोंदीतून गळाले. न्यायाच्या दृष्टीने पाहिले तरी याचा सर्वांत मोठा फटका ढिवरांनाच बसला, कारण तलाव बिघडल्यावर शेतकऱ्याला विहीर, बोअर, मोठ्या धरणाचा कालवा असे पर्याय मिळाले. पाण्याखालच्या सृष्टीवरच ज्यांचे पोट होते त्यांना पर्याय नव्हता. तेव्हा तलावाचे रक्षण आणि ढिवरांचा न्याय हे दोन प्रश्न वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा आक्षेप म्हणीतच बसलेला आहे: बारभाईची शेती, काय लागेल हाती. जबाबदारी सगळ्यांची म्हटली की ती कुणाचीच राहत नाही, त्यापेक्षा एक खाते नेमा आणि त्याला जाब विचारा. हा युक्तिवाद सोयीचा आहे, पण गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव त्याच्या बाजूने साक्ष देत नाही. खाती नेमली होती, आणि त्यांच्या हद्दी जिथे संपतात तिथेच बेशरम वाढली. जुन्या तलावावरची जबाबदारी सामायिक होती खरी, पण मोघम कधीच नव्हती. पाट कोणी साफ करायचा, तुडुमाचे बूच कोणाच्या हातात, शिंगाडा कोणाचा, हे ठरलेले होते आणि लिहिलेलेही होते. बारभाईच्या कारभारात घोळ होतो तो वाटे ठरलेले नसल्यामुळे. वाटे ठरवून नोंदवले आणि वाटा चुकवणाऱ्याला गावापुढे उत्तर द्यावे लागले, तर अनेकांची जबाबदारी एका कार्यालयाच्या जबाबदारीपेक्षा भक्कम असते, कारण कार्यालयातला माणूस तीन वर्षांत बदलून जातो आणि तलावाकाठचा माणूस तिथेच राहतो.

तिसरा आक्षेप विज्ञानाच्या बाजूचा. स्थानिक ज्ञान एका ठिकाणच्या अनुभवावर उभे असते, नवे संकट आले की ते अपुरे पडते. हेही खरे आहे. धानाच्या बांध्यांतून झिरपणारी कीटकनाशके आणि खते पूर्वजांनी पाहिली नव्हती. परदेशी मासे आणि झुडपे त्यांच्या अनुभवात नव्हती. पाऊस आता जास्त लहरी झाला आहे, थोड्या दिवसांत धो-धो कोसळतो आणि मग लांब दडी मारतो. पाळीची आणि सांडव्याची जुनी मापे त्याला पुरतील की नाही, हे जलशास्त्राने तपासले पाहिजे. पाण्याची तपासणी, मातीतले अवशेष, माशांच्या जातींची खात्रीशीर ओळख ही कामे प्रयोगशाळेशिवाय होणार नाहीत. पण हाच आक्षेप विज्ञानालाही लागू पडतो. ओडिशातल्या तळ्यात सिद्ध झालेली पद्धत अर्जुनीच्या तलावाला तशीच लावली, तर तीही दुसऱ्या ठिकाणच्या अनुभवावरच उभी असते. स्थानिक ज्ञानाला नव्या संकटांची परीक्षा द्यावी लागते, तशी विज्ञानालाही स्थळाची परीक्षा द्यावी लागते. परीक्षेची जागा एकच आहे, तो तलाव. आणि निकाल रोज पाहणारा परीक्षक पाण्याकाठी राहणारा आहे.

गाळाच्या कामात हे स्पष्ट दिसते. जलयुक्त शिवार, गाळमुक्त धरण यांसारख्या योजनांमधून तलाव खोल करायला पैसा आला, आणि साठा वाढवणे गरजेचेच होते. पण यंत्राने तळ सरसकट सारखा खोदला आणि काठ उभे कापले, तर घनमीटरचा हिशेब जुळतो आणि उथळ पट्टा नाहीसा होतो. कंद जातात, देवधान जाते, मासे विणायची जागा जाते, सारसाला पाय टेकायला पाणी उरत नाही. महाराष्ट्रात सारस आता मुख्यत्वे याच भागात तग धरून आहे, हे लक्षात घेतले तर एका उन्हाळ्यातल्या खोदकामाची किंमत किती मोठी असू शकते ते कळते. बैलगाडीने गाळ नेणारा शेतकरी जिथे सुपीक थर आहे तिथूनच नेई आणि काठ राखी. यंत्र वापरू नये असे नाही. कुठे खोदायचे आणि कुठला उतार जपायचा, याची आखणी खोदण्याआधी ढिवर, शेतकरी आणि पाणथळ जागांचा अभ्यासक यांनी एकत्र उभे राहून करावी, एवढीच मागणी आहे. त्यासाठी जादा खर्च येत नाही, एक दिवस लागतो.

कायद्याच्या बाजूने मात्र अजून मोठे भगदाड आहे. १९७१ च्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराने पाणथळ जागेची व्याख्या करताना नैसर्गिक आणि मानवनिर्मित असा भेद केला नाही. भारताच्या २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी मात्र धानाची शेते आणि खास सिंचनासाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळले. या एका वगळण्याने पूर्व विदर्भातल्या हजारो तलावांना त्या नियमांचे संरक्षण नाकारले जाऊ शकते. ते बांधले सिंचनासाठी, म्हणून त्यातली जलसृष्टी कायद्याला दिसत नाही. १९६६ च्या संहितेने माणसांच्या वहिवाटीला नोंदीबाहेर ठेवले, २०१७ च्या नियमांनी पाण्यातल्या जिवांना. दोन्हीकडे चूक एकाच जातीची आहे. तलावाचा एक उपयोग म्हणजेच तलाव, असे कागदाने धरून चालले.

तरीही हाती काही नाही असे नाही. वनहक्क कायदा, २००६ च्या तिसऱ्या कलमात जलाशयांतले मासे आणि इतर उत्पादने यांवरचे सामुदायिक हक्क स्पष्ट नमूद आहेत, आणि वनक्षेत्रातल्या अनेक तलावांना ते लागू होऊ शकतात. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याने १९९६ पासून लहान जलसाठ्यांचे नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतींकडे सोपवण्याची तरतूद केली आहे. जैवविविधता कायदा, २००२ ने प्रत्येक स्थानिक संस्थेत समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही आणली. ही नोंदवही बहुतेक ठिकाणी एकदा भरून कपाटात जाते. ती खऱ्या अर्थाने नव्या काळाचे वाजिब-उल-अर्ज होऊ शकते. त्यात तलावागणिक वनस्पती आणि मासे यांच्या नोंदी असाव्यात, त्या ढिवर जाणकारांनी सांगाव्यात आणि महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र विभागांनी पडताळाव्यात. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर त्या ताज्या कराव्यात. त्याच वहीत कामाचे आणि हक्काचे वाटे लिहावेत. बेशरम कोण काढणार, विणीच्या काळात मासेमारी कोण थांबवणार, पाणी कोणत्या पातळीखाली सोडायचे नाही, आणि शेवटच्या थोड्या पाण्यावर माशांचाही हक्क आहे हे कोण सांभाळणार. ठेका देताना मत्स्यव्यवसाय खात्याने ती वही पाहावी, गाळ काढताना पाटबंधारे खात्याने पाहावी. चार दफ्तरे एकदम एक होणार नाहीत, पण चारही दफ्तरांना एकच वही वाचायला लावणे आजच्या कायद्यातही अशक्य नाही.

मालगुजारी मोडली तेव्हा आपल्या लोकशाहीने एक मोठे काम अर्धेच केले. मालकी लोकांच्या नावावर झाली, जबाबदारी आणि जाण मात्र लोकांच्या हाती परत आली नाही. ज्यांच्या पणज्या-खापरपणज्यांनी पाळी घातल्या आणि ज्यांनी पाण्याखालचे जग पिढ्यान् पिढ्या वाचले, त्यांना या तलावांच्या कारभारात अभ्यासकाच्या आणि अधिकाऱ्याच्या बरोबरीची खुर्ची मिळाली पाहिजे. ही मागणी उपकाराची नाही, भूतकाळाच्या मोहाचीही नाही. या तलावांचा जो काळ चांगला गेला तो कशामुळे गेला, याचा तो सरळ निष्कर्ष आहे. उरलेले अर्धे काम करण्यासाठी कोलू पाटलाइतके धाडस लागत नाही. त्यासाठी एक वही, तीत प्रामाणिकपणे लिहिलेले वाटे आणि ते पाळण्याची सर्वांची तयारी लागते.